अंतरपाटावर घानाचे ठसे

लग्नाच्या सामानाचा धंदा असला की किस्से शोधायला जावं लागत नाही. प्रत्येक लग्नाला दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूला एक तरी रुसलेला मामा असतो, आणि तो मामा मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नेमका आमच्याच कट्ट्यावर येऊन बसतो. त्यात आमच्याकडं अंतरपाटावर ठसे मारते ती माझी जाऊ घानाची. म्हणजे आफ्रिकेतल्या घाना देशाची. मग तर बघायलाच नको.

कोल्हापूरजवळ उचगावात आमचं घर आहे आणि मागच्या पडवीत कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, रंगाच्या वाट्या, दोरीवर वाळत घातलेली कापडं आणि चहाचं पातेलं. अंतरपाट, शेले, ओटीची कापडं, आहेराच्या पिशव्या असं आम्ही करतो. संध्याकाळी हात धुऊन चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "ते वडगावच्या मगरीचं सांग की." झालं. एक सांगून होईस्तोवर दुसरं आठवतं, आणि चहा पुन्हा गरम करावा लागतो.

त्यातले थोडे तुम्हाला सांगते.

*

माझा दीर विकास पंप बसवायच्या कामाला घानात गेला होता, कुमासी नावाच्या शहरात. तिथं शाळेत चित्रकला शिकवणारी एक मुलगी त्याला भेटली आणि तिथल्याच कचेरीत सह्या करून दोघांनी लग्न केलं. तिचं नाव अकुआ. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. अकुआ म्हणजे बुधवारी जन्मलेली.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, ते नाव काही जमेना. अकवा, आकू असं करत करत त्या शेवटी "आक्का"वर येऊन थांबल्या. आक्का म्हणजे थोरली बहीण. खरं तर थोरली सून मी. पण घरात सगळ्यांत धाकटी असून अख्ख्या गल्लीची आक्का झाली ती. पिकल्या केसांचे म्हातारेसुद्धा तिला विचारतात, "काय आक्का, जेवलीस काय?"

आल्या आल्याच तिनं एक पराक्रम केला. पडवीच्या वाशाला आत्तींनी बियासाठी एक भोपळा टांगून ठेवला होता. वाळून खडखडीत झालेला. आक्कानं तो उतरवला, फोडला आणि त्याच्या कवटीच्या तुकड्यावर सुरीनं काहीतरी कोरत बसली. आत्ती परड्यातनं आल्या, बघितलं आणि उंबऱ्यातच बसल्या.

"बियाचा भोपळा की गं त्यो."

आक्काला तेव्हा मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. ती उठून आत गेली आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन आली. भोपळ्यातली एकूण एक बी तिनं साफ करून ठेवली होती. पुरचुंडी आत्तींच्या मांडीवर ठेवली, मग तो कोरलेला तुकडा रंगात बुडवला आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर दाबला. उचलला तर खाली एक फणी उमटलेली. लाकडी फणी असते तशी, लांब दात्यांची.

विकासनं मग समजावून सांगितलं. तिच्या मुलखात असे कितीतरी ठसे आहेत. भोपळ्याच्या कवटीवर कोरतात आणि कापडावर उमटवतात. प्रत्येक ठशाला अर्थ असतो. फणी म्हणजे घरातल्या बाईनं माणसांना लावलेली माया, केलेली निगा. "तुझ्यासाठी कोरलीया तिनं, आई."

आत्तींनी ते फडकं उन्हात धरून बराच वेळ बघितलं. तेवढ्यात समोरच्या काकू डोकावल्या आणि हळहळल्या, "भोपळा गेला व्हय ओ बियाचा?"

"भोपळा काय, दर वर्सी येतोय," आत्ती म्हणाल्या. "सून येती व्हय दर वर्सी?"

*

आक्काचे ठसे मांडवात पहिल्यांदा गेले ते आमच्याच गल्लीतल्या सारिकाच्या लग्नात. तोवर मी अंतरपाटावर मधोमध स्वस्तिक काढायची आणि मोकळी व्हायची. सारिकानं ती फणी बघितली होती. तिनं हट्टच धरला, "माझ्या अंतरपाटावर आक्काचा ठसा पायजे."

आक्कानं स्वस्तिक कडेला घेतलं आणि मधे चंद्रकोर काढली. कोरीच्या ओंजळीत एक चांदणी. दोघांनी एकमेकांची वाट बघायची आणि एकमेकाला धरून राहायचं, असा त्याचा अर्थ. तिच्याकडं नवरा-बायकोसाठी हाच ठसा मारतात. मला कापड आवडलं, पण धास्तीही वाटली. गल्लीतलं लग्न. काही वाकडं झालं असतं तर उचगावभर झालं असतं.

आणि झालंच. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला, मंगलाष्टकासाठी तोंड उघडलं आणि नवऱ्या मुलाचे मामा म्हणाले, "थांबा."

भटजींनी तोंड मिटलं.

"ह्यो चंद्र कसला? आपल्यात असलं नसतंय. ह्यो आपला न्हाई."

आक्का मुठीत अक्षता धरून माझ्या शेजारी उभी होती. शब्द तिला कळले नसतील, पण सगळे तिच्याकडं बघत होते, ते कळत होतं. मी काय बोलावं याचा विचार करत होते. तेवढ्यात पुढच्या ओळीतनं आत्ती गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"चंद्र कुणाचा असतोय ओ, पावणं?"

मामा आत्तींकडं वळले.

"तुमच्या गावात देवळाम्होरं वीरगळाचा दगड हाय न्हवं?"

"हाय की."

"त्येच्यावर वरच्या अंगाला काय कोरलंय?"

मामांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "चंद्र-सूर्य."

"मग त्यो कुणाचा?"

भटजींनी घड्याळ बघितलं आणि सरळ "शुभमंगल"ला सुरुवात केली. लग्न लागलं.

जेवणाच्या पंगतीत मामा आम्हाला शोधत आले. मी पुढच्या बोलण्याची तयारी केली. मामांनी पान तोंडात सरकवलं आणि आक्काकडं न बघता मला म्हणाले, "माझ्या पोरीचं बी जमलंय. तिच्या अंतरपाटावर चंद्र जरा मोठा काढा."

*

आक्का मराठी शिकली ती आत्तींकडनं. त्यामुळं कोल्हापुरी बायकांसारखीच "मी आलो, मी गेलतो" असं बोलते.

एकदा तालमीतली चार-पाच पोरं आली. त्यांच्यातल्या धनाजी पैलवानाचं लग्न होतं आणि सगळ्यांनी मिळून त्याला शेला द्यायचा होता. त्यांना शेल्यावर वाघ पाहिजे होता.

"वाघ न्हाई," आक्का म्हणाली. "मी एडका काढतो."

पोरांची तोंडं पडली. "आक्का, पैलवानाला एडका?"

तिनं कागदावर काढून दाखवला. वरून बघितल्यासारखी शिंगं, चारी बाजूंना वळलेली, दोन एडके डोक्याला डोकं लावून उभे आहेत अशी. "टक्कर देतोय तवा लई जोरात देतोय. पर टक्कर झाली की मान खाली घालतोय. अंगात ताकद हाय, डोक्यात माज न्हाई. आमच्यात राजाच्या कापडावर असतोय ह्यो."

बाकीचं किती पोचलं कुणास ठाऊक, पण राजाच्या कापडावर म्हटल्यावर पोरं तयार झाली.

कळंब्याच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन होतं. आम्हालाही बोलावणं होतं. धनाजी तो शेला खांद्यावर टाकून स्टेजवर उभा, शेजारी नवरी, खाली फोटोसाठी रांग. आणि त्या रांगेत रणजित आला. धनाजी आणि रणजित यांची एक कुस्ती वादात सुटली होती. पंचांनी एक म्हटलं, मैदानानं एक म्हटलं, आणि तेव्हापासून दोन्ही तालमींचं बोलणं बंद होतं. रणजितला पत्रिका कुणी दिली ते कुणालाच माहीत नव्हतं.

तो स्टेजच्या पायरीशी येऊन थांबला. हातात आहेर. वर जावं की माघारी फिरावं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तालमीतली पोरं खुर्च्यांवरून उठली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

धनाजीनं खांद्यावरचा शेला नीट केला. नवरीला काहीतरी सांगितलं आणि स्टेजवरनं खाली उतरला. रणजितच्या समोर गेला, खाली वाकला, आणि त्याला कमरेला धरून असा उचलला की हॉलभर शिट्ट्या. कुस्तीत उचलतात तसं नाही. जिंकल्यावर उचलतात तसं.

धनाजीचे वस्ताद आमच्याच टेबलावर होते. त्यांनी हात धुतले, आक्काजवळ आले आणि म्हणाले, "पोरी, मी तालमीत जे घोकून घेतोय ते तू कापडावर छापलंस. तालमीच्या दारावर छापशील काय?"

आक्कानं छापलं. तालमीचं दार बुटकं आहे, मान खाली घातल्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही. ठसा बरोबर त्या चौकटीवर आहे.

*

आता वडगावच्या मगरी.

पेठ वडगावचे दोघे भाऊ. भांड्यांचं दुकान एक, घर एक, पण एकमेकांशी बोलणं बंद. कशावरून, ते त्यांच्या बायकांनाही नीट सांगता येत नव्हतं. दोघांच्या मुलींची लग्नं एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर ठरलेली. थोरले सकाळी आले. "अंतरपाट पायजे. धाकट्यापेक्षा हातभर लांब." धाकटे दुपारी आले. "अंतरपाट पायजे. थोरल्यापेक्षा हातभर लांब."

मला हसू आवरेना. आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "जेवत्यात कुठं दोघं?"

"घरात की," मी म्हटलं. "चूल एकच हाय त्यांची."

"मग झालं," म्हणाली आणि भोपळ्याचा मोठा तुकडा शोधायला लागली.

कापडं न्यायला दोघे भाऊ एकाच दिवशी आले, नाइलाजानं, कारण गाडी एकच. बरोबर थोरल्या वहिनी. आक्कानं टेबलावर कापड पसरलं. कापड एकच. दोन अंतरपाट होतील एवढं लांब, पण मधे न कापलेलं. आणि बरोबर मधोमध दोन मगरी, एकीवर एक फुलीसारख्या आडव्या. तोंडं दोन, शेपट्या दोन, पोट एकच.

थोरले म्हणाले, "मगर? नदीत मगर दिसली की लोक फॉरेस्टवाल्याला फोन करत्यात. तुम्ही मांडवात सोडालाय व्हय?"

आक्कानं त्या पोटावर बोट ठेवलं. "घास हिच्या तोंडात गेला तरी हितंच येतोय. तिच्या तोंडात गेला तरी हितंच. तरी भांडत्यात. कशाला, ते त्यांना बी म्हाईत न्हाई."

थोरल्यांनी कापड एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं.

"ह्यातली थोरली मगर कुठली?"

"त्येच इचारणार हुतो मी," धाकटे म्हणाले.

बोलून गेले आणि दोघेही दचकले. कितीतरी महिन्यांत एकमेकाला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

कापड कापायचं धाडस कुणालाच झालं नाही. मांडवात ते अखंडच धरलं. एका टोकाला थोरले, एका टोकाला धाकटे, मधे दोन्ही जोड्या. लग्न लागल्यावर कुणा पाहुण्या बाईनं थोरल्या वहिनींना विचारलं, "ह्या मगरी कसल्या ओ?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरातल्याच हाईत. सैपाक मीच करतोय दोघींचा."

*

एक छोटा सांगते, हुपरीचा.

आमच्या ओळखीतली एक मुलगी, नर्स, लग्न करून कॅनडाला निघाली होती. तिच्या वडिलांना तिच्यासाठी चांदीचं पदक करायचं होतं. आक्कानं पाखरू काढून दिलं. पाय पुढं चाललेले, मान मात्र पूर्ण मागं वळवलेली, आणि चोचीत पाठीवरचं अंडं. आम्ही ते चित्र हुपरीच्या कारागिराकडं दिलं. चांदीत त्याचा हात धरणारा कुणी नाही.

पदक आणायला गेलो. त्यानं डबी उघडली. पाखरू फार देखणं झालं होतं. पिसंन् पिसं दिसत होतं. मान मात्र सरळ.

"चित्रात मान मोडल्यागत दिसत हुती," कारागीर म्हणाला. "बरं न्हाई वाटलं. लग्नातली वस्तू. सरळ केली."

आक्का हसत हसत तिथल्या स्टुलावरच बसली. मग तिनं त्याला सांगितलं की पाखरू पुढंच चाललंय, पण मागं काहीतरी राहिलंय ते घ्यायला वळलंय. विसरलेलं माघारी जाऊन आणण्यात काही कमीपणा नाही, असा त्याचा अर्थ.

"मग आदी सांगायचं की," तो म्हणाला. "मी त्येला आजारी समजालो."

त्यानं दुसरं करून दिलं, मान वळवलेलं. आम्ही दोन्ही डब्या त्या मुलीपुढं ठेवल्या आणि झालेला घोळ सांगितला. तिनं दोन्ही पदकं तळहातावर घेतली आणि एकाच साखळीत ओवली.

"हे जायला," ती वडिलांना म्हणाली, "आणि हे यायला."

*

पुण्याचा एक इव्हेंट मॅनेजर आला होता. कोल्हापुरातल्या मोठ्या घरचं लग्न. त्यानं आक्काच्या कापडांचे फोटो मोबाईलवर बघितले होते. बोलायला चांगला माणूस. त्याला सगळा मांडव "आफ्रिकन थीम"मध्ये पाहिजे होता. काळं आणि विटकरी कापड, त्यावर ठसे, पाहुण्यांना तसलेच शेले. आमचा अख्खा सीझन त्या एका ऑर्डरवर निघाला असता. मी मनातल्या मनात पडवी वाढवायलासुद्धा घेतली होती.

"न्हाई," आक्का म्हणाली.

"का हो, मॅडम?"

"काळं-तांबडं कापड आमच्यात मयताला नेसत्यात. माझा बाप गेला तवा मी नेसलो हुतो."

त्यानं हळूच सुधारलं, "नेसले होते, म्हणायचं मॅडम. बाई 'नेसले' म्हणते."

"कोल्हापुरात बाई बी नेसलो म्हणती," आक्का म्हणाली. "हे बी शिकून जावा."

तो हसला. मग समजुतीनं म्हणाला, "पण इथं कुणाला कळणार आहे, त्याचा अर्थ काय ते?"

"मला म्हाईत हाय न्हवं?"

तो चहा पिऊन गेला. त्या संध्याकाळी मी आक्काशी फारसं बोलले नाही. ती चूक आहे असं मला वाटत नव्हतं, पण ऑर्डर डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दारात एक मोठी गाडी थांबली. आधी काठी बाहेर आली, मग एक आजी, आणि मागनं तो मॅनेजर, हातात आजींची पर्स घेऊन.

"काळं नगं म्हणणारी कोण?" आजींनी दारातनंच विचारलं.

आक्का रंगाचे हात पुसत पुढं आली. "मी."

आजींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मॅनेजरकडं काठी केली. "ह्येला मी कवापास्नं सांगालोय, लगनात काळं नगं. नातीचं लगीन हाय, माझं कोण ऐकत न्हाई. आज्जी जुनाट म्हणं. आता आफ्रिकेचीच बाई न्हाई म्हणाली, तसा गप झाला."

आजी आमच्या पडवीत जेवूनच गेल्या. मांडव पांढऱ्या कापडाचा झाला, त्यावर हळदीच्या रंगाचे ठसे. हृदयाला हृदय जोडलेला ठसा आजींनी स्वतः निवडला. पहिलं कापड वाळलं तेव्हा मॅनेजरनं त्याचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "आज्जी खूश. मी पण नाद खुळा झालो."

*

आता शेवटचा. हा आत्ती समोर असल्या की आम्ही सांगत नाही.

आक्काची आई या लग्नावर नाराज होती. विकासवर राग नव्हता. राग वेगळ्याच गोष्टीचा होता. त्यांच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, दार वाजवायचं, बरोबर कापड आणि दारूची बाटली न्यायची, आणि कशासाठी आलोय ते सांगायचं. त्याशिवाय मुलगी दिली असं होत नाही. आमच्या घरचं कुणी गेलंच नव्हतं. कचेरीत सह्या झाल्या आणि मुलगी कोल्हापूरला आली. "माझं दार कुणी वाजवलं नाही," असं ती एकदा फोनवर म्हणाली. त्यानंतरचे फोन तब्येत आणि पाऊसपाणी एवढ्यावरच संपायचे. फोन ठेवला की आक्का कापडावर ठसे मारायला बसायची, आणि ठसा इतका जोरात दाबायची की टेबलावरच्या वाट्या हलायच्या.

मग एके वर्षी आई लेकीला बघायला यायला तयार झाली. तेव्हा कुठं विकासनं आत्तींना सगळं सांगितलं.

"आदी का न्हाई सांगितलंस?" आत्ती म्हणाल्या. "रीत म्हंजे रीत."

तिथून पुढं सगळा कारभार त्यांच्या हातात. पहिला प्रश्न दाराचा. "त्या पोरीच्या सासरी उतरल्या तर दार कुणाचं वाजवायचं? दार तिच्या आईचं पायजे." समोरच्या काकूंनी आपलं घर मोकळं करून दिलं. ते घर कुमासी, आमचं घर कोल्हापूर, आणि मधे गल्ली.

दुसरं कापड. आक्काकडनं आत्तींनी एक ठसा कोरून घेतला. मायेनं निघालेलं माणूस वाट चुकत नाही, घरी पोचतंच, अशा अर्थाचा. पांढऱ्या कापडावर तो त्यांनी स्वतः उमटवला. आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. काही ठसे तिरके गेले. एक बांगडीनं फराटला.

तिसरी बाटली. विकास म्हणाला, "आई, बाटलीच्या जागी आपण गुळाची ढेप नेऊया की. कोल्हापूरचा गूळ हाय."

"त्यांच्यात काय नेत्यात?"

"बाटली."

"मग बाटली आण."

आमच्या घरात बाटली कधी आली नव्हती. सासरे होते तेव्हाही नाही. आत्तींनी ती टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली. उंबऱ्यापाशी आल्यावर थांबल्या, टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लपवून काय न्यायचं? चोरी हाय व्हय?"

सकाळची वेळ. गल्लीत हलगी वाजायला लागली. सगळी गल्ली बाहेर. पुढं आत्ती, एका हातात कापड, एका हातात उघडी बाटली, म्हणजे बूच लावलेलीच, पण सगळ्यांना दिसेल अशी. मागं विकास, मी, आमचे हे, आणि जमेल तेवढं उचगाव. समोरच्या दारापाशी हलगी थांबली. आत्तींनी कडी वाजवली.

आतनं आक्काच्या आईचा आवाज आला, त्यांच्या भाषेत. मग आतनंच आक्कानं मराठीत सांगितलं, "कोण हाय आणि कशाला आलाय, इचारत्यात."

आम्ही आत्तींना एक उत्तर पाठ करून दिलं होतं. तुमच्या अंगणातलं फूल मागायला आलोय, वगैरे. आत्तींनी ते म्हटलं नाही.

"मी विकासची आई," त्या दाराला म्हणाल्या. "तुमची पोरगी आमच्या घरात हाय. न इचारता आणली. आता इचाराय आलोय."

आत आक्कानं ते आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. मग दार उघडलं. आक्काची आई उंच, खांद्यावर पांढरं-निळं कापड घेतलेली. तिनं आधी आत्तींकडं बघितलं, मग बाटलीकडं, मग कापड हातात घेतलं आणि उलगडलं. फराटलेल्या ठशावरनं तिनं अंगठा फिरवला. लेकीला काहीतरी विचारलं. आक्का म्हणाली, "आत्ती." एवढंच.

त्यांच्या रीतीत आई लेकीला सगळ्यांसमोर तीनदा विचारते, की हे आणलेलं मी घेऊ का. लेक हो म्हणाली तरच घ्यायचं. आईनं आक्काला मधे उभी केली आणि विचारलं. आक्कानं त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. आईनं दुसऱ्यांदा विचारलं. आक्कानं दुसऱ्यांदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आक्का रडायलाच लागली होती, आणि तोंडातनं आलं ते कोल्हापुरीत आलं.

"घे की गं आई."

गल्ली हसली. आईला शब्द कळायचा प्रश्नच नव्हता, पण तिनं हात पुढं केला आणि आत्तींच्या हातातनं बाटली घेतली. हलगीवाल्यानं हलगीवर थाप मारली, ती कुणी न सांगताच.

आईनं बूच काढलं. थोडे थेंब उंबऱ्यावर ओतले, गेलेल्या माणसांची नावं घेत. त्यात आक्काच्या वडिलांचं नाव आम्हाला ओळखू आलं. मग तिनं एक लहानसा पेला भरला आणि उजव्या हातानं आत्तींच्या पुढं धरला.

विकास घाईनं पुढं आला. "आई, नुसता हात लावला तरी चालतंय."

आत्तींनी पेल्याकडं बघितलं. मग त्या विहीणबाईंच्या तोंडाकडं बघितलं. पेला घेतला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"तिकडं बगा रं सगळी," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी तिकडं बघितलं.